दोन फुटी बुंध्याला २४ इंची बार? आधी दात मोजा

विचारणाऱ्याची अडचण थोडक्यात अशी. हाताशी ४५ सीसीचं चेनसॉ मशीन आहे, त्यावर १६ इंची बार, म्हणजे जिच्या कडेने चेन फिरते ती लांब पट्टी. आजवर फांद्या आणि फूटभर जाडीचे ओंडके कापले, काही तक्रार नाही. आता दोन फूट जाडीची झाडं पाडून त्यांचे तुकडे करायचे आहेत. त्याच मशीनवर २४ इंची बार चढवला तर चालेल का? की मशीनच मोठं घ्यावं, आणि घ्यायचं तर केवढं?

बार चढेल. चेन फिरेल, आणि मोकळ्या हवेत रेस दिली तर आवाजही झकास येईल. बुंध्यात आठ-दहा इंच उतरलात की मग हिशेब कळायला लागेल. इंजिनाचा सूर पडतो, चेन रेंगाळते आणि आपण नकळत मशीनवर अंगाचा भार टाकू लागतो. म्हणून माझं उत्तर 'चढवू नका' असं आहे. मात्र दोन फुटी बुंधा या मशीनने कापताच येत नाही असंही नाही. आहे त्या १६ इंची बारनेच तो कापता येतो. कसा, ते पुढे सांगतो.

चेनसॉचं बोलणं निघालं की पहिला प्रश्न ठरलेला: "किती इंची आहे?" माझ्या लेखी तो तिसरा प्रश्न. पहिला प्रश्न म्हणजे तुम्ही रोज कापता ते लाकूड कसलं आणि केवढ्या जाडीचं. दुसरा म्हणजे इंजिनाची ताकद किती किलोवॅट. ही दोन उत्तरं आली की बारची लांबी त्यातूनच निघते. उलट्या क्रमाने गेलं की मशीनला हत्तीसारखे दाखवायचे दात मिळतात, खायचे राहून जातात.

दातांवरूनच हा हिशेब मांडतो. आपली चेन काढून हातात घ्या आणि नीट बघा. ३/८ पिचच्या (पिच म्हणजे चेनच्या कड्यांमधल्या अंतराचं इंचांतलं माप) साध्या चेनवर दर दीड इंचाला एक कापणारा दात असतो, एक डावा, एक उजवा, असे आळीपाळीने. २० इंची बारला लागणारी ७२ ड्राइव्ह लिंकची, म्हणजे बारच्या खोबणीत फिरणाऱ्या ७२ कड्यांची, चेन घेतली तर तिच्यावर ३६ दात भरतात. ०.३२५ पिचच्या चेनवर दात थोडे दाट, दर १.३ इंचाला एक. आता बार लाकडात पूर्ण बुडाला असताना एका वेळी किती दात लाकूड खात असतात? लाकडाची रुंदी भागिले दोन दातांमधलं अंतर, इतके. २४ इंच रुंदीच्या बुंध्यात ३/८ ची चेन असेल तर १६, आणि ०.३२५ ची असेल तर १८. इंजिनाला हे सगळे दात एकाच वेळी ओढायचे असतात.

आता ताकद. स्टील (Stihl) या जर्मन कंपनीचं एमएस २५० हे ४५.४ सीसीचं मशीन २.३ किलोवॅट देतं. १६ इंच रुंदीच्या लाकडात ०.३२५ चे १२ दात असतात, म्हणजे दर दाताच्या वाट्याला साधारण १९० वॅट. त्याच मशीनला २४ इंची लाकडात १८ दात ओढायला लावले की वाटा १२८ वॅटवर येतो. आता एमएस २६१ बघा. ५०.२ सीसी, ३.० किलोवॅट. १६ इंची लाकडात दर दाताला २५० वॅट. आणि एमएस ४६२, ७२.२ सीसी आणि ४.४ किलोवॅट, २४ इंची लाकडात ३/८ च्या १६ दातांना प्रत्येकी २७५ वॅट देतं.

हे आकडे मनात ठेवायला सोपे आहेत म्हणून मी वापरतो. कुठल्या पुस्तकातला नियम म्हणून सांगत नाही. माझा अनुभव असा की दर दाताला पाव किलोवॅटच्या आसपास मिळत असेल तर मशीन आपल्या वजनाने लाकडात उतरतं, तुम्ही फक्त दिशा द्यायची. १८० ते २०० वॅटवर काम होतं, पण संयम लागतो. दीडशेच्या खाली गेलात की मशीन कापत नाही, कण्हत राहतं. एक सवलत मात्र आहे. छोट्या मशीनवर जी लो-प्रोफाइल ३/८ ची चेन येते तिचे दात बुटके असतात आणि ती अरुंद खाच पाडते, त्यामुळे तिला दर दाताला कमी ताकद पुरते. तिची तुलना मोठ्या ३/८ शी करू नका. नावात ३/८ असलं तरी त्या दोन वेगळ्या चेन आहेत, आणि एकीच्या दातेरी चक्रावर (चेनला ओढणारं क्लचजवळचं चक्र) दुसरी नीट बसत नाही.

इथेच सीसीच्या आकड्याचा फसवा भाग दिसतो. एमएस २५० आणि एमएस २६१ यांत फरक जेमतेम ५ सीसीचा, पण ताकदीत तीस टक्क्यांचा. एक घरगुती आणि अधूनमधून वापरायच्या कामासाठी बनवलेलं, दुसरं दिवसभर जंगलात चालवायला. त्याहून फसवी ती स्वस्त मशीनं, ज्यांच्या अंगावर मोठ्या अक्षरात ५८ सीसी लिहिलेलं असतं आणि समोर २२ इंची बार लावून दिलेला असतो. माहितीपत्रकात बारीक अक्षरांत किलोवॅट शोधा. अनेकदा तो आकडा अडीचच्याही खाली निघतो. अशा मशीनवर १८ इंची बार लावला की तेच मशीन एकदम शहाण्यासारखं वागायला लागतं. मी तिघांना हा बदल करायला लावला आणि तिघांनीही आधी नाक मुरडलं, लांबी गेली म्हणून.

लांब बारने बिघडतं ते फक्त वेगाचं नाही. आमच्या टोळीतल्या एका पोराने ५० सीसीच्या चांगल्या मशीनवर कुठूनसा मिळालेला २५ इंची बार चढवला होता. मी दुसऱ्या टोकाला फांद्या छाटत होतो. आवाजावरून कळलं की इंजिन पळतंय आणि कापणं मात्र थांबलंय. चेन लाकडात रुतून बसलेली आणि हा रेस दाबून धरलेला, म्हणजे क्लच जागच्या जागी घसरत होता. मी पोचेपर्यंत जळका वास सुटला होता. उघडून पाहिलं तर क्लचच्या ड्रमवर निळी झाक चढलेली, आणि बार-चेनला तेल देणारा ऑइल पंप फिरवणारी प्लॅस्टिकची वर्म गिअर वितळलेली. त्या मशीनचा ऑइल पंप गेला, आणि ते ध्यानात आलं नसतं तर पुढच्या तासाभरात कोरडा बार आणि चेनही गेली असती. पोराला मी रागावलो नाही, कारण माझ्या उमेदवारीच्या दिवसांत मीही हेच केलं होतं. फरक इतकाच की तेव्हा मला तीन महिने कळलंच नव्हतं की दर दोन आठवड्यांनी बार का झिजतोय.

ऑइलची गोष्ट निघालीच आहे तर इथेच पुरी करतो. छोट्या मशीनचा पंप छोट्या बारच्या मापाने तेल सोडतो, आणि बऱ्याच घरगुती मशीनांत ते कमीजास्त करायचा स्क्रूच नसतो. बार लांब झाला की टोकाला पोचेपर्यंत चेन कोरडी. तपासायची रीत सोपी आहे. बारचं टोक एखाद्या स्वच्छ बुडख्याच्या वर वीतभर धरून काही सेकंद रेस द्या. बुडख्यावर तेलाची बारीक रेघ उमटली पाहिजे. नुसते एक-दोन ठिपके पडले तर तो बार त्या पंपाला झेपणारा नाही, किंवा तेलाचं छिद्र भुशाने बुजलंय.

आता जाडीबद्दल. बहुतेक जण बुंध्याकडे बघून "दोन फूट असेल" म्हणतात आणि तो निघतो अठरा इंच किंवा तीस इंच. टेप गुंडाळून घेर मोजा आणि ३.१४ ने भागा. दीड मीटर घेर म्हणजे व्यास जवळजवळ ४८ सेंटिमीटर, म्हणजे १९ इंच. मोजायचं ते छातीच्या उंचीवर नाही, तर जिथे काप घेणार तिथे. बुडाशी मुळांच्या पाखळ्या पसरलेल्या असल्या तर छातीच्या उंचीवरचा १९ इंचांचा बुंधा जमिनीलगत २८ इंचांचा भरतो, आणि माणसं फसतात ती इथे. सालही मोजा, कारण बार सालीतूनही जाणार आहे.

बारची लांबी मोजण्यातही घोटाळा असतो. पाकिटावर लिहिलेले २० इंच म्हणजे नेहमी कापायला मिळणारे २० इंच नव्हेत. मशीनच्या पुढच्या भिंतीपासून टोकाच्या दातापर्यंत जे अंतर उरतं तेच कामाचं, आणि ते सहसा इंचभर कमी भरतं. पुढे लोखंडी काटे लावले असतील तर आणखी थोडं त्यात जातं. म्हणून एका बाजूने आरपार कापायचं असेल तर लाकडाच्या व्यासापेक्षा बार दोन इंच जास्त, हा जुना ठोकताळा खरा आहे. पण 'एका बाजूने आरपार कापायचं असेल तर' हे शब्द लोक विसरतात. प्रत्येक लाकूड एका बाजूने आरपार कापायची सक्ती कुणी केलेली नाही.

आता मूळ प्रश्न, २४ इंचांचा बुंधा आणि १६ इंचांचा बार. आधी आडव्या पडलेल्या ओंडक्याचं सांगतो, कारण ते सोपं आहे आणि शिकायचं तर तिथेच शिकावं. बुंध्याभोवती दोरी काटकोनात गुंडाळून तिच्या कडेने खडूची रेघ मारून घ्या, अगदी खाली हात पोचेल तिथवर. ही रेघ म्हणजे या कामाचा अर्धा जीव. ती नसेल तर दोन बाजूंनी घेतलेले काप मध्यभागी एकमेकांना चुकतात, आणि मधे बोटभर जाडीची पायरी राहून ओंडका सुटत नाही. पहिला काप आपल्या बाजूने, वरून खाली तिरका, टोक पलीकडे बाहेर न निघता लाकडातच राहील असा. मग पलीकडे जाऊन त्याच रेघेवर दुसरा काप. १६ इंचांचा बार २४ इंचांच्या निम्म्याहून पुष्कळ जास्त आहे, त्यामुळे दोन्ही काप मध्यभागी एकमेकांवर चढतात आणि मधे काही उरत नाही. बार व्यासाच्या निम्म्याहून लहान असेल तर मात्र गाभ्यात न कापलेला खुंट राहतो. तेव्हा तो बार त्या लाकडाचा नाही असं समजावं.

ओंडका कुठे टेकलाय ते आधी बघा. दोन्ही टोकांना टेकून मधे अधांतरी असेल तर वरचं लाकूड दाबात असतं आणि खालचं ताणात. अशा वेळी वरून साधारण पाव व्यास कापा, पाचर ठोका, आणि उरलेला काप खालून वर घ्या. एकच टोक टेकलेलं आणि दुसरं हवेत असेल तर सगळं उलट. वरून सरळ कापत गेलात की खाच मिटते आणि बार चिमटीत सापडतो. लहान बार असला की दोनदा जागा बदलावी लागते, त्यामुळे माणूस निदान थांबून बघतो तरी. लांब बारवाला एका दमात कापायच्या नादात अडकतो, हे मी कितीदा पाहिलंय.

उभ्या झाडाची गोष्ट वेगळी. २४ इंचांच्या झाडाला पडायच्या बाजूने व्यासाच्या पाचव्या ते चौथ्या भागाइतकी, म्हणजे पाच-सहा इंचांची खाच. तिच्यामागे व्यासाच्या दहाव्या भागाइतकी, अडीच इंचांच्या आसपास न कापलेल्या लाकडाची बिजागरी राखायची. मागचा काप १६ इंची बारने एका फटक्यात होत नाही. बिजागरीच्या मागे एका बाजूने सुरुवात करून, बार तिथेच फिरवत, झाडाच्या पाठीमागून दुसऱ्या बाजूला यावं लागतं, आणि जागा होताच पाचर बसवावी लागते. यात दोन्ही बाजूंचे काप एकाच पातळीत यायला हवेत आणि बिजागरी दोन्ही टोकांना सारख्या जाडीची राहायला हवी. एका टोकाला ती पातळ झाली की झाड दुसरीकडे वळतं. ज्याने हे आधी केलेलं नाही त्याने व्यासापेक्षा लहान बारने उभं झाड पाडायला जाऊ नये. जाणत्या माणसाला बरोबर घ्यावं आणि त्याचे हात बघावेत. हे घाबरवायला सांगत नाही. बारचं टोक नजरेआड लाकडात फिरत असतं आणि उलटा झटका बसतो तो टोकाच्या वरच्या पाव भागाने.

तो झटका लांब बारलाही सोडत नाही. दहा इंचांच्या ओंडक्यावर २४ इंची बार वापरला तर चौदा इंच बार पलीकडे उघडा फिरतो. तिथे दगड असेल, दुसरा ओंडका असेल, माती असेल. मातीला एकदा टेकला की धार गेली, आणि दुसऱ्या ओंडक्याला वरच्या टोकाने टेकला तर मशीन डोळ्यांची पापणी लवायच्या आत तोंडाकडे येतं. चेन ब्रेक, हेल्मेट, पायांना चेनसॉची पँट हे सगळं हवंच, पण गरजेहून लांब टोक बाहेर फिरत ठेवायचं आणि मग ब्रेकवर विश्वास ठेवायचा, हा उलटा कारभार झाला.

आता कुणी म्हणेल की मोठमोठे लाकूडतोडे तर लांब बार वापरतात. वापरतात. उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, डग्लस फरच्या जंगलांत, ७० ते ९० सीसीच्या मशीनवर २८ ते ३६ इंची बार सर्रास दिसतो. तिथे झाडं जाड, उतार मोठे, आणि उभ्याने न वाकता फांद्या उडवायची सवय. स्कँडिनेव्हियात झाडं बारीक, तिथे ५० सीसीच्या मशीनवर १३ ते १८ इंची बार. दोघेही आपापल्या लाकडाला धरून आहेत. मात्र त्या पश्चिम किनाऱ्यावरच्या लोकांची एक युक्ती दूरवरून दिसत नाही. ते लांब बारवर बहुधा स्किप चेन लावतात, म्हणजे दोन दातांमधलं अंतर वाढवलेली. फुल स्किपमध्ये ३/८ चा दात दर सव्वादोन इंचाला येतो. ३६ इंची लाकडात साध्या चेनचे २४ दात, तर स्किपचे १६. ५.४ किलोवॅटच्या, ९१.१ सीसीच्या एमएस ६६१ ला पहिल्यात दर दाताला २२५ वॅट मिळतात, दुसऱ्यात ३३७. शिवाय इतक्या रुंद खाचेतून ढलप्या बाहेर वाहून न्यायला दातांमधे मोकळी जागा हवी असते, ती मिळते. स्किप चेन कापताना जरा जास्त थरथरते, बारीक फांद्यांवर तर नकोच.

दाताचा विषय निघाला की मला कॉक्सची आठवण होते. जोसेफ कॉक्स नावाच्या अमेरिकन लाकूडतोड्याने १९४० च्या दशकात एका लाकूडकिड्याची अळी बुंधा कशी पोखरते ते निरखलं. अळीचे जबडे डावीकडे आणि उजवीकडे आळीपाळीने लाकूड कुरतडत होते. त्यावरून त्याने डावा-उजवा वाकडा दात बनवला आणि १९४७ मध्ये त्या चेनचा धंदा सुरू केला. त्याआधीचे दात लाकूड ओरबाडायचे, हे तासायला लागले. आपण आज जी चेन वापरतो ती त्याच घराण्यातली.

लाकूड कुठलं, याने आकडे बरेच बदलतात. ओला पाइन आणि वाळलेली बाभूळ यांत एका मापाचा फरक धरा. म्हणजे पाइनला २० इंची बार आरामात ओढणारं मशीन वाळल्या बाभळीत किंवा जुन्या ओकमधे १६ लाच खूश असतं. निलगिरी ओली असताना लोण्यासारखी जाते आणि वाळली की तीच चेनची परीक्षा घेते. सागाच्या लाकडात सिलिका असते, त्यामुळे ताकद पुरली तरी धार पुरत नाही. कानस खिशात ठेवूनच कामाला लागावं. नारळाचा बुंधा बाहेरून टणक आणि आतून मऊ, धागे चक्रात गुंतून बसतात. त्याला जाडीच्या मानाने लहान बार आणि वारंवार साफसफाई. वठलेल्या उभ्या झाडात गाभा पोकळ असू शकतो, त्यामुळे तिथे दातांचा हिशेब हलका वाटला तरी बिजागरीचा भरवसा नसतो.

बहुतेक चेनचे रेकर, म्हणजे दातापुढची ती बुटकी ठेंगणी, दाताच्या धारेपेक्षा साधारण ०.६५ मिलिमीटर खाली असावी लागते. ताकद कमी आणि लाकूड कठीण असेल तर ती फार खाली घासू नका. दात जास्त खोल चावतो, आणि छोट्या इंजिनाला तो घास पचत नाही. कित्येकदा 'मशीन कमी पडतंय' म्हणून माझ्याकडे आलेल्या मशीनचा इलाज मोठा बार किंवा मोठं इंजिन नसून दहा मिनिटांची कानस असते. पिठासारखा भुसा पडत असेल तर चेन बोथट आहे, ढलप्या पडत असतील तर धार आहे. नवं मशीन घ्यायच्या आधी हे एकदा करून बघा, खरंच. आणि कानस चेनच्या मापाची घ्या: लो-प्रोफाइल ३/८ ला ४.० मिलिमीटर, ०.३२५ ला ४.८, मोठ्या ३/८ ला ५.२ किंवा ५.५, ०.४०४ ला ५.५.

फळ्या काढायच्या असतील, म्हणजे ओंडका उभा चिरायचा असेल, तर वरचा सगळा हिशेब वेगळा. रेषांच्या आडवं कापणं आणि रेषांच्या बाजूने चिरणं यांत सुताराच्या दोन करवती वेगळ्या असतात, तसंच इथेही. आडव्या कापाच्या दाताला साधारण ३० अंशांची तिरकी धार, चिरायच्या दाताला १० च्या आसपास. इंजिन मिनिटामागून मिनिटं पूर्ण रेसवर चालतं, त्याला उसंत नाही. अलास्कन मिल म्हणतात ती चौकट बारचे चार-सहा इंच खाते, त्यामुळे ३६ इंची बारने साधारण ३० इंच रुंदीची फळी निघते. यासाठी ७० सीसीच्या खाली विचारच करू नये, आणि रुंद ओंडक्यांना ९० सीसीच्या वर. १२१.६ सीसीचं, ६.४ किलोवॅटचं एमएस ८८१ अशाच कामाला शोभतं. ते बार-चेनशिवाय ९.९ किलोचं आहे, हे घेऊन फांद्या छाटायला झाडावर चढणाऱ्याला माझा लांबूनच नमस्कार.

वजनाबद्दल बोलायचं तर एक परीक्षा कुठलंही मशीन घेताना करा. टाक्या भरून, बार-चेन लावून, मशीन पुढच्या मुठीला एका हाताने उचलून लोंबतं धरा. बार जवळजवळ आडवा राहिला, टोक किंचित खाली गेलं, तर तोल बरा. टोक धाडकन जमिनीकडे गेलं तर तो बार त्या मशीनला जड आहे आणि संध्याकाळी तुमची कंबर तेच सांगेल. मोठ्या मशीनवर लहान बार हे उलट चालतं. ७० सीसीवर १८ इंची बार लावला तर चेन भन्नाट कापते. इंजिनाला त्याने काही होत नाही, फक्त विनाकारण जास्त वजन उचलत फिरावं लागतं.

मापांचं जुळणं हा कंटाळवाणा भाग, पण पैसे इथेच वाया जातात. चेनचा पिच, चेनची जाडी आणि ड्राइव्ह लिंकची संख्या या तीन गोष्टी बारवर मशीनच्या बाजूला कोरलेल्या असतात. पिच म्हणजे लागोपाठच्या तीन रिव्हेटांमधल्या अंतराचा निम्मा. जाडी म्हणजे बारच्या खोबणीत बसणाऱ्या भागाची, १.१, १.३, १.५ किंवा १.६ मिलिमीटर. पिच बारच्या टोकाच्या चक्राशी आणि क्लचच्या चक्राशी, दोन्हींशी जुळला पाहिजे. ०.३२५ च्या मशीनवर ३/८ चा बार आणलात तर क्लचचं चक्रही बदलावं लागतं, आणि ३/८ चं चक्र लावलं की दर फेऱ्याला चेन जास्त पुढे सरकते, म्हणजे कमी ताकदीच्या इंजिनाला आणखी भार. सात दातांचं ३/८ चं चक्र एका फेऱ्यात चेन सव्वापाच इंच ओढतं. दहा हजार फेऱ्यांना तो वेग सेकंदाला २२ मीटर होतो. छोट्या इंजिनाने तो वेग लाकडात टिकवायचा, ही अपेक्षाच चूक.

बॅटरीवरची मशीनं मी मोठ्या बुंध्यांना वापरलेली नाहीत. १२ ते १४ इंची बारवर, सहा-आठ इंचांच्या लाकडाला ती उत्तम आहेत, सुरू करायची कटकट नाही आणि शेजारी झोपू शकतात.

तर तुमच्यापुरतं. वर्षात दोन-चारच असे बुंधे असतील तर मशीन बदलू नका. १६ इंची बारवर नवी धारदार चेन, दोन प्लॅस्टिकच्या पाचरी आणि खडू घ्या, दोन्ही बाजूंनी कापा, आणि उभं झाड जाणत्याच्या देखत पाडा. मधूनमधून दोन फुटी आणि एरवी फूट-दीड फुटाचं काम असेल तर ६० सीसीचं, साडेतीन किलोवॅटच्या आसपासचं मशीन घ्या आणि त्यावर ३/८ ची २० इंची बार-चेन लावा. दीड फुटी लाकूड एका बाजूने सुटेल, दोन फुटी दोन बाजूंनी. रोजच दोन फुटी असेल तर ७० सीसी आणि २४ किंवा २५ इंची बार. त्यावर एक २० इंचीही ठेवा, फांद्यांसाठी. जुनं ४५ सीसीचं विकू नका. मोठं मशीन लाकडात अडकलं की ते सोडवायला दुसरं मशीन लागतंच, आणि त्या दिवशी त्या १६ इंची बारची किंमत कळते.